मागं वजन, पुढं उजेड

काळी शेळी आज-उद्या व्यायला झालीय.

डोळ्याच्या आतला पडदा सुटतो तेव्हा दुखत नाही.

मुनवरनं जीपला मागं एक पाटा जास्तीचा घातला.

तामलवाडीची हमिदाबी एकदा बसली की सहसा उठत नाही.

सोसायटीच्या गोदामाची भिंत दिवाळीला पांढरी केली, त्यानंतर तिच्यावर अजून कुणी काही लिहिलेलं नाही.

हसायचं नाही. खोकायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवायचं.

हे सगळं एकाच गाडीत बसवायचं आहे. गाडी रामहरीची. काळी-पिवळी जीप, लोहारा ते नळदुर्ग, सीट भरल्या की निघायची. आज फेरी नाही. आज मधल्या सीटवर त्याची आई सिताबाई पालथी झोपलीय. तिचं कपाळ दीपालीच्या, म्हणजे रामहरीच्या बायकोच्या, मांडीवरच्या उशीत. मागचे दोन्ही बाक रिकामे. पुढं रामहरी एकटा, आणि शेजारी औषधांची पिशवी, तीही उड्या मारते.


रिकामी गाडी जास्त का आपटते?

दीपालीनं हे सोलापूर सुटायच्या आतच विचारलं. रामहरीचं लक्ष पुढच्या ब्रेकरवर होतं. पुढची चाकं हळू चढली, हळू उतरली. मागची उडाली. सिताबाईच्या तोंडून उशीत ‘हं’ एवढंच आलं.

जीपच्या मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची चवड असते. एकावर एक, कमानीसारखी वाकलेली. माणसं बसली की कमान सपाट होत जाते आणि धक्का ती खाते. दिवाळीच्या गर्दीत रामहरीची गाडी मागून टेकायला लागली, तेव्हा लोहाऱ्याच्या स्टँडमागच्या मुनवर मिस्त्रीनं त्या चवडीत एक पाटा वाढवला. आता गच्च भरलेल्या गाडीला काही होत नाही. पण रिकाम्या गाडीत कमान वाकतच नाही. धक्का खायला कुणी नाही. तो तसाच वर येतो, सीटमधून, मांडीमधून, उशीमधून, कपाळात.

कपाळामागं डोळा. एकच. डावा लहानपणी बाभळीच्या काट्यानं गेला. उजव्याला परवापरवा शेळ्या अर्ध्या दिसायला लागल्या. पाय दिसायचे, पाठी नाही. पडदा सुटलाय, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन करून चिकटवला. आत हवेचा बुडबुडा सोडला. मान खाली असली की बुडबुडा वर जाऊन पडद्याला दाबून धरतो, म्हणून आठवडाभर पालथं राहायचं.

“घरी न्या,” डॉक्टर म्हणाले. “पण झटका नको. पुन्हा सुटला तर माझ्या हातात फारसं काही राहणार नाही.”

रामहरीनं मान हलवली. गाडी कसली आहे हे त्यानं सांगितलं नाही.


कार का केली नाही?

कारमध्ये सिताबाईला उलटी होते. काच उघडी असली तरी होते. उलटी म्हणजे झटकाच, आतून.


मग तिथंच का राहिला नाहीत?

“काळी पयलारू हाय,” सिताबाई उशीत म्हणाली. “अडली तर तुमच्यातलं कोण हात घालणार हाय?”

“आई, डोळा जाईल.”

“माझा डोळा माझ्यापाशी हाय. शेळी तिकडं एकटी हाय.”

“शेजारी हायत की.”

“शेजाऱ्याला बोकड आन् पाट वळखत न्हाय. गाडी हाण.”

गाडी हाणली नाही. सरपटवली. मागून ट्रक हॉर्न देतात, मोटारसायकली बाजूनं जाताना आत बघतात. रामहरीच्या पायात कळ आली, एवढं हळू त्यानं कधी चालवलंच नव्हतं. फेरीच्या माणसाला हळू चालवणं जमत नाही, हात आपोआप पुढचा गियर शोधतो. त्यानं डांबरावरची सगळी ठिगळं बघितली. बघून चुकवली. एक चुकलं नाही.

“दीपाली,” सिताबाई म्हणाली, “कुणी काडी वढली का गं?”

“न्हाय आत्या.”

“जाळ दिसला मला. कोपऱ्यात.”

पट्टीच्या आतल्या अंधारात. दीपालीनं आरशातून रामहरीकडं बघितलं. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं: ठिणग्या दिसल्या तर समजा पडदा ओढला जातोय.

तामलवाडीचा फाटा आला. रामहरीनं गाडी आत घातली. इथं त्याचा मामा बब्रुवान राहतो. पुढं काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं, फक्त थांबायचं होतं.


पेशंटला बघायला किती माणसांनी यावं?

सगळ्यांनी. सोलापूरला ऑपरेशन झालेलं माणूस दारात आलंय म्हटल्यावर न येणं बरं दिसत नाही. बिस्किटाचे पुडे आले, शहाळी आली. बब्रुवानच्या अंगणात जीप, जीपभोवती गल्ली. बघायला मिळालं ते एवढंच: सिताबाईचा अंबाडा आणि तिच्या टाचा.

“तोंड दिसंना की,” कुणीतरी म्हणालं.

“पाठ बघा आन् जावा,” सिताबाई म्हणाली.

बब्रुवानची शेजारीण हमिदाबी उशिरा आली, कारण ती कुठंही उशिराच पोचते. वजन मोठं, गुडघे दुखरे. जीपला वळसा घालून तिला धाप लागली. मागचं फाळकं उघडं होतं. ती बाकावर बसली. गाडी मागून ‘कर्रर्र’ करून खाली गेली, एकदा डुलली, थांबली.

“कोण बसलं?” सिताबाईनं विचारलं.

“मी गं, हमिदा. कशी हाईस?”

“उठू नका.”

“आँ?”

“बसूनच ऱ्हावा. मऊ लागायलंय.”

लोक हसले. रामहरी हसला नाही. तो मागं गेला, जीपला दोन्ही हातांनी दाबून बघितलं. मघाशी दगडासारखी होती. आता खाली जाऊन वर आली, हळू, बैलगाडीतल्या कडब्यासारखी. त्यानं अंगणातल्या माणसांकडं बघितलं. मान, खांदे, पोट. माणसांकडं असं त्यानं आजवर स्टँडवर बघितलं होतं ते किती माणसं मावतील यासाठी. किती जड आहेत यासाठी कधीच नाही.

“खाला, लोहाऱ्याला येता का?”

“कवा?”

“आत्ता.”

“लेकीकडं जायचंच हाय मला, पर शुक्रवारी.”

“आज चला. उद्या आणून सोडतो. भाडं न्हाय.”

“आन् मी काय करायचं तिकडं जाईपतूर?”

“काही न्हाय. बसायचं.”

“हे बरंय,” हमिदाबी गल्लीकडं वळून म्हणाली. “आयुष्यभर लोक म्हणाले, हमिदा, वजन कमी कर. आज ह्या पोरानं कदर केली.”

सिताबाईची पाठ हलली. ती हसत होती.

“हसवू नका हो!” दीपाली ओरडली. सिताबाईनं श्वास धरला, सोडला, धरला.

मग रामहरीनं माणसं भरली. बसप्पा आला, पूर्वी तालमीत होता, अजून दोन माणसांएवढा. “माझं काम हाय तिकडं,” तो म्हणाला आणि चढला. गल्लीतले आणखी चौघे-पाच जण चढले, कुणाला लोहाऱ्याला मेव्हण्याकडं जायचं होतं, कुणाला उगीच. बब्रुवानही निघाला.

“मामा, चला, पर तुमचा उपेग न्हाय,” रामहरी म्हणाला. बब्रुवान वाऱ्यानं हलेल असा माणूस आहे.

“माझी बहीण हाय ती.”

“ते खरं. पर वजन?”

“डबा घेतो संगं,” बब्रुवान म्हणाला आणि ज्वारीनं भरलेला पत्र्याचा डबा उचलून आणला.


(तुळजापूर येईपर्यंत कुणी काही विचारलं नाही. गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चालली. सिताबाईला डुलकी लागली. रामहरीनं एकदा शीळही घातली, मग स्वतःच बंद केली. थंडीचे दिवस, ज्वारी उभी, सूर्य आरशात. आरशात सूर्य लाल झाला तेव्हा त्याच्या लक्षात यायला हवं होतं.)


समोरचे आपल्यावर उजेड का मारतात?

कारण आपला उजेड त्यांच्या डोळ्यात जातो.

रामहरीनं दिवे लावले आणि रस्ता दिसला नाही. लिंब दिसला. लिंबाचा शेंडा, त्यातलं घरटं, वरची तार. पुढच्या चाकांपासून बऱ्याच अंतरापर्यंत नुसता काळोख. समोरून आलेल्या गाडीनं डिप्पर मारला. रामहरीनंही डिप्पर केला, उजेड शेंड्यावरून फांदीवर आला. पुढच्या गाडीनं तिचे पांढरे एलईडी सरळ त्याच्या तोंडावर सोडले. एक जण खिडकीतून काहीतरी ओरडत गेला, शब्द कळले नाहीत, अर्थ कळला.

त्या आंधळेपणात ब्रेकर आला.

दिसला नाही. मागं वजन होतं म्हणून गाडी उडाली नाही, नुसती दबली आणि सुटली. तरी ज्वारीचा डबा वाजला.

“जाळ,” सिताबाई म्हणाली. एवढंच.

रामहरीनं गाडी बाजूला घेतली, मुनवरला फोन लावला. स्पीकर सुरू.

“मुनवरभाई, लाईट वर जायलीय.”

“किती वर?”

“पाखरं उठायलीत.”

“मागं कोण बसलंय?”

“सगळे.”

“मग जाणारच की बाबा! मागनं गाडी बसली की नाक वर होतंय. पाटा घातला तवा मागनं गाडी उचलली, लाईट पायात पडायला लागली, म्हणून म्या दिवे वर केले. रिकाम्या गाडीवर.”

“भरून कामून न्हाय केले?”

“गॅरेजात माणसं कुठून आणू भरायला? मला एकच बायको हाय.”

मागून हमिदाबीचा आवाज: “तिला घेऊन ये की, कशी हाय अंगानं?”

“खाला, नको ना!” दीपाली. सिताबाईच्या पाठीवर तिचा हात. पाठ स्थिर.

“कोन हाय ते?” मुनवर.

“ते राहू द्या. मी काय करू?”

“पांढरी भिंत बघ. सपाट जागा. लाईटच्या वरल्या अंगाला स्क्रू हाय. हल्लू फिरव. उजेड तुझ्या कमरंखाली आला की बास.”


सगळे खाली का उतरले?

आपल्याकडं जीप थांबली आणि बॉनेट वर गेलं की माणसं सांगायच्या आधी उतरतात. बापे आडोशाला जातात, बाया पदर सारखा करून बाजूला उभ्या राहतात. दुरुस्तीत आपली अडचण नको. चांगली सवय आहे. हायवे सोडून लोहाऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर सोसायटीचं गोदाम लागतं, त्याच्या भिंतीसमोर रामहरीनं गाडी लावली, बॉनेट उघडलं, आणि सगळे उतरले. आत फक्त सिताबाई आणि दीपाली.

रामहरीनं दिवे लावले. भिंतीवर दोन पिवळी वर्तुळं पडली. कमरेखाली. अगदी बरोबर.

तो बघत राहिला. भिंतीजवळ जाऊन हात लावला. बरोबर.

“मुनवरभाई, बिघाडच न्हाय काही.”

“मग फोन कशाला केलास? जेवायलोय मी.”

सगळे खूश झाले. कुणी म्हणालं, कधी कधी आपोआप होतंय. सगळे चढले. रामहरी बसला, समोर बघितलं. भिंत काळी होती. वर्तुळं गोदामाच्या पत्र्यावरून निघून गेली होती.

“रामहरी,” हमिदाबी मागून म्हणाली, “चांदण्या मोजायच्या हायत का?”

“उतरा,” रामहरी म्हणाला. उतरले. वर्तुळं भिंतीवर आली.

“चढा.” चढले. गेली.

“उतरा.”

“अरे शेळ्या हाव का आमी?” बसप्पा.

बब्रुवान खालीच उभा होता, त्याच्यानं काही फरक पडत नव्हता. त्यानंच बघितलं. “ही चढली की उजेड चढतोय,” तो हमिदाबीकडं बोट दाखवून म्हणाला, “उतरली की उतरतोय. बाकीच्यांचं थोडंच.”

आता सगळ्यांना बसवून स्क्रू फिरवायचा, एवढंच राहिलं होतं. बाकीचे चढून बसले, वर्तुळं पत्र्यावर गेली; हमिदाबी गुडघे चोळत खालीच उभी. रामहरीनं पेचकस लावला. स्क्रू गंजलेला. जोर लावला. खाच गेली. दुसऱ्या दिव्याला लावला. त्याचीही खाच गेली. तो तिथंच मातीत बसला. दिव्याची काच त्याच्या गालाला गरम लागत होती आणि पलीकडं, काचेमागं, पत्र्यामागं, सीटवर त्याची आई पालथी होती. माणसं काढली तर गाडी आपटते. माणसं ठेवली तर रस्ता दिसत नाही. इथं रात्र काढायची तर थंडी, थंडीनं खोकला. रस्ता इथून पुढं खराब आहे. मागंही खराब आहे. त्यानं पेचकस फेकून दिला, मग उठून शोधून आणला.

“मी न्हाय बाबा आता मागं चढायची,” हमिदाबी म्हणाली. “फाळकं उंच हाय. माझे गुडघे गेले तुझ्या चढउतारात. मी पुढं बसते.”

“खाला, मागं बसायचंय, मागं. मऊपणासाठी.”

“तू बसून बघ माझे गुडघे घेऊन.”

तिनं पुढचं दार उघडलं. औषधांची पिशवी मांडीवर घेतली. बसली.

जीपचं नाक खाली गेलं. पत्र्यावरची वर्तुळं भिंतीवर उतरली.

बसप्पा हळूच मागून उतरला, पुढं आला, हमिदाबीला सरकवून तिच्या शेजारी बसला. वर्तुळं आणखी उतरली. कमरेखाली.


ड्रायव्हर कुठं बसला?

दारात. अर्धा आत, अर्धा बाहेर, एक ढुंगण सीटवर, उजवा खांदा वाऱ्यात. काळी-पिवळीवाल्याला ही बैठक नवीन नाही.

मागं चौघे-पाच, बब्रुवान आणि डबा. गाडी मघासारखी मऊ राहिली नाही, पण दगडही राहिली नाही. रस्ता दिसत होता: खड्डा, खडी, कडेचं गवत, पुन्हा खड्डा. दिसलेला खड्डा चुकवता येतो. रामहरी एकेक चुकवत निघाला.

“आता वढा येईल,” सिताबाई उशीत म्हणाली. शेळ्या घेऊन ती हा रस्ता हजारदा चालली होती. “उतार हाय. हळू घे.”

रामहरीनं हळू घेतली. ओढा आला नाही. चढ आला.

“आता चिंचंचं झाड. मुळ्या हायत रस्त्यात.”

झाड नव्हतं.

“तोडलं का काय?” सिताबाई म्हणाली, आणि पुढं काही सांगायचं तिनं सोडून दिलं.


एका दिव्याची गाडी म्हणजे मोटारसायकल असते का?

नाही. समोरून एक दिवा आला. रामहरीनं मोटारसायकल समजून थोडी जागा सोडली. जवळ आला तेव्हा दिव्याच्या पलीकडं, अंधारात, ट्रॅक्टरचं मोठं चाक होतं आणि त्याच्यामागं उसाची ट्रॉली. रामहरीनं स्टेअरिंग डावीकडं ओढलं. चाकं डांबरावरून खाली उतरली, साइडपट्टी खोल होती, गाडी तिरकी झाली, आपटली, डबा उलटला, ज्वारी सगळ्यांच्या पायांवरून धावली. ट्रॉली ऊस घासत निघून गेली.

गाडी बंद पडली. दिवे सुरू. उजेडात धूळ.


जाळ दिसला का?

हे कुणी विचारलं नाही. सगळे ऐकत होते. मागचे ऐकत होते, हमिदाबीनं तोंडाला पदर लावला होता, रामहरीची मान वळत नव्हती.

“न्हाय,” सिताबाई म्हणाली. “चला.”

दीपालीला मात्र तिच्या गुडघ्यावर आत्याची बोटं जाणवली. नखं साडीतून आत गेली होती. ती लोहाऱ्याच्या वेशीपर्यंत निघाली नाहीत.


बसप्पाचं काय काम होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी रामहरीनं हमिदाबीला लेकीकडून घेतलं आणि बसप्पाला विचारलं, झालं का काम? बसप्पा रात्रभर रामहरीच्याच ओसरीवर झोपला होता. “व्हय, झालं की,” तो म्हणाला आणि गाडीत बसला. पुढं बसू का मागं, एवढंच त्यानं विचारलं.


दिसतं का?

आठवड्यानं सोलापूरला डॉक्टरांनी पट्टी काढली. खोली अंधारी केली, कपाळावरचा दिवा लावला आणि उजेड सिताबाईच्या डोळ्यात सोडला. वर बघा. खाली बघा. डावीकडं. दीपाली उभी होती. रामहरी दाराला टेकून होता.

“मधला भाग बसलाय,” डॉक्टर म्हणाले. “खालची कड उचलली गेलीय. पुढं सरकू नये म्हणून लेझर मारून घेऊ, आजच. खालच्या कडेनं वरचं दिसतं, त्यामुळं तुम्हाला वरचं थोडं धूसर राहील. समोरचं आणि खालचं नीट दिसेल. प्रवासात झटका बसला होता का?”

“न्हाय,” सिताबाई म्हणाली.

“व्हय,” रामहरी म्हणाला. “माझ्या गाडीत.”

डॉक्टरांनी दोघांकडं बघितलं आणि लेझरच्या खोलीकडं हात केला.

बाहेर पायऱ्यांवर सिताबाई थांबली. पायरी बघितली, पुढची बघितली. रामहरीच्या चपलेचा तुटलेला अंगठा बघितला. मान थोडी मागं टाकून त्याचं तोंड बघितलं.

“झाडांचे शेंडे दिसंनात,” ती म्हणाली. “धुकं पडल्यागत.”

“रस्ता दिसतोय का?”

“दिसतोय.”

“मग डिप्परवर हाईस तू,” रामहरी म्हणाला आणि त्याचा आवाज मधेच तुटला. “चालतंय. शेंडे बघून काय करायचंय.”

“अरे रडतो कशाला? शेळ्या काय झाडावर चढतात व्हय?” सिताबाई म्हणाली. मग तिला आठवलं, की चढतात. तिला हसू आलं. आता हसायला हरकत नव्हती.


काळी शेळी त्या पालथ्या प्रवासाच्या दिवशी दुपारीच व्याली होती, जीप सोलापुरातून निघायच्या आधी; दोन करडं, अडचण काही आली नाही.